कळते, पण वळत नाही : मूत्रपिंडाचा आजार आणि स्वतःची काळजी

मागील अंकात दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराविषयी लिहिल्यानंतर आलेल्या पत्रांत बहुतेक वाचकांनी पथ्याविषयी किंवा औषधांविषयी विचारले आहे. ती पत्रे दुसऱ्यांदा वाचताना मात्र जाणवले की, प्रश्न पथ्याचा असला तरी अडचण निराळीच आहे. काहींपाशी माहिती भरपूर आहे, पण ती वापरण्याचा धीर नाही. काहींपाशी धीर उदंड आहे, पण माहिती चुकीची आहे. या आजाराचा रुग्ण महिन्या-दोन महिन्यांतून पंधरा मिनिटे डॉक्टरांसमोर बसतो आणि उरलेला सगळा काळ तो स्वतःच्या घरात, स्वतःच्या ताटासमोर असतो. म्हणून त्याला काय माहीत आहे आणि त्याला स्वतःवर किती भरवसा आहे, या दोन्ही गोष्टींना मी उपचाराचा भाग मानतो. पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत.

पत्र पहिले : निवृत्त शिक्षक, सांगली जिल्हा

*माझे वय ६१ आहे. आठ महिन्यांपूर्वी तपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने रक्तातून गाळून टाकायचा एक टाकाऊ पदार्थ) १.७ आढळले आणि तीन महिन्यांनी पुन्हा तेवढेच आले. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन सुरू केले. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.८ आणि ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता दाखवणारा आकडा) ४२ आले. या गोळीने क्रिएटिनिन वाढते, असे मी मोबाइलवर वाचले आणि ती बंद केली. या आजारावर मिळेल ते वाचून मी ऐंशी पानांची वही भरली आहे. डाळ, दूध, फळे आणि पालेभाज्या सोडल्या. वजन ६४ किलोवरून ५८ वर आले. एवढे सोडले, पण रोजचे लोणचे मात्र सुटले नाही. पत्नी म्हणते, ‘तुम्ही आजाराने नाही, वहीने खंगलात.’ सगळे कळते, पण वळत नाही. काय करावे?*

गुरुजी, सर्वांत आधी गोळीविषयी. याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना भेटा आणि ती बंद केल्याचे स्पष्ट सांगा. मूत्रपिंडातील गाळणीवर रक्ताचा जो जादा दाब असतो, तो टेल्मिसार्टनसारख्या औषधाने उतरतो. दाब उतरला की सुरुवातीला गाळण किंचित मंदावते आणि रक्तातील क्रिएटिनिन थोडे वाढते. औषध सुरू केल्यावर चार आठवड्यांत ही वाढ तीस टक्क्यांपर्यंत झाली, तरी सहसा औषध थांबवत नाहीत. फक्त त्याच वेळी रक्तातील पोटॅशियम तपासून घेतात. तुमची वाढ १.७ वरून १.८, म्हणजे जेमतेम सहा टक्के आहे. ज्या आकड्याला घाबरून तुम्ही औषध सोडले, तो आकडा बहुधा औषध काम करीत असल्याची खूण होता. तुम्ही वाचले ते खोटे नव्हते, पण अर्धेच होते. या आजारात अर्धे कळण्याने होणारे नुकसान मी अनेकदा पाहिले आहे.

आता ताटाविषयी. ईजीएफआर ४२ म्हणजे आजाराच्या पाच टप्प्यांपैकी तिसऱ्या टप्प्याचा उत्तरार्ध. या टप्प्यावर प्रथिने मर्यादित ठेवतात, पण बंद करीत नाहीत. दिवसाला, दर किलो वजनामागे साधारण ०.८ ग्रॅम प्रथिने, हे प्रमाण सामान्यतः सांगितले जाते. तुमच्या मूळच्या ६४ किलो वजनाला ती रोज पन्नास ग्रॅमच्या आसपास होतात. एक वाटी शिजलेल्या वरणातून सहा-सात ग्रॅम मिळतात. म्हणजे वरण, दूध, दही आणि पोळी यांना तुमच्या ताटात हक्काची जागा आहे. फळे आणि पालेभाज्या सोडायच्या की नाहीत, हे तुमच्या रक्तातील पोटॅशियमवर ठरते. ते प्रमाणात असेल, तर फळे सोडण्याचे काही कारण नाही. पोटॅशियमचा अहवाल तुमच्या वहीत आहे का, ते पाहा. मला शंका आहे की तो नसेल.

कारण अशी वही मी स्वतःच एकेकाळी रुग्णांच्या हाती देत असे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत ‘वर्ज्य पदार्थ’ अशा मथळ्याचा एक छापील कागद माझ्या टेबलावर गठ्ठ्याने ठेवलेला असे आणि प्रत्येकाला मी तोच देई, मग त्याचा टप्पा कोणताही असो. माहिती जितकी अधिक तितकी बरी, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. एक शेतकरी तीन महिन्यांनी परत आला. तो कागद त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता, आणि तीन महिने तो भात व साखर-पोळी यांखेरीज जवळजवळ काही खात नव्हता. त्याचे दंड मी हाताने चाचपून पाहिले आणि त्या दिवसापासून तो कागद देणे बंद केले. दोष त्याचा नव्हता. त्याने माझे तंतोतंत ऐकले होते.

तुमच्या वहीत पाचव्या टप्प्याच्या रुग्णाचे पथ्य आहे, डायलिसिसवरच्या रुग्णाचे आहे, परदेशातल्या कुणाचे तरी आहे. तुमचे स्वतःचे त्यात किती आहे? वही मिटून या प्रश्नांची उत्तरे द्या. गेल्या आठवड्यात घरी मोजलेला तुमचा रक्तदाब साधारण किती होता? लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन किती जाते? कोणती गोळी कशासाठी आहे? उद्या जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर कोणती औषधे तात्पुरती थांबवण्यासाठी डॉक्टरांना त्याच दिवशी विचारायचे? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना येत नाही. अंगातले पाणी कमी झालेले असताना टेल्मिसार्टन, लघवीच्या गोळ्या, मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन यांसारखी औषधे चालू राहिली, तर त्रास होऊ शकतो. या चार-पाच उत्तरांचे एक पान माझ्या दृष्टीने तुमच्या ऐंशी पानांहून मोलाचे आहे.

उरला प्रश्न वळण्याचा. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये एक विचार मांडला. एखादी विशिष्ट गोष्ट ‘मला जमेल’ असे माणसाला वाटते की नाही, यावर तो ती हाती घेईल का आणि अडचण आल्यावर चिकटून राहील का, हे मोठ्या प्रमाणात ठरते. असा भरवसा चार वाटांनी येतो, असे त्यांनी सांगितले. स्वतः करून यशस्वी झाल्याचा अनुभव ही पहिली आणि सर्वांत पक्की वाट. आपल्यासारख्याच माणसाला करताना पाहणे ही दुसरी. विश्वासाच्या माणसाने ‘तुला जमेल’ असे म्हणणे ही तिसरी. आणि आपले शरीर व मन त्या वेळी काय सांगत आहे, ही चौथी. हात थरथरत असेल, तर मन त्याचा अर्थ ‘आपल्याला जमणार नाही’ असा लावते. तुम्ही एकाच दिवशी दहा गोष्टी सोडल्या. ज्या सोडायला नको होत्या त्या सुटल्या आणि जी कमी व्हायला हवी होती ती राहिली. त्यामुळे पहिल्या वाटेवर तुमच्या पदरी रोज एक पराभव पडत गेला.

म्हणून आता एकच गोष्ट घ्या, आणि ती लोणच्याची असू द्या. ‘लोणचे कायमचे बंद’ असा निश्चय करू नका. पुढील दोन आठवडे फक्त रात्रीच्या जेवणात लोणचे नाही, एवढेच ठरवा आणि मग स्वतःला विचारा की, हे जमेल असे शून्य ते दहा यांपैकी किती वाटते. उत्तर सातच्या खाली आले, तर निश्चय आणखी लहान करा. आठवड्यातून चारच रात्री ठेवा. ही पद्धत मी अनेक रुग्णांबरोबर वापरली आहे. लहान निश्चय पार पडला की पुढचा माणूस आपणहून मागतो. शिक्षकाला हे मी काय सांगावे? पहिलीच्या मुलाला तुम्ही बाराखडीच्या आधी जोडाक्षरे दिली नसती.

पत्र दुसरे : गृहिणी, इचलकरंजी

*माझ्या यजमानांचे वय ४७ आहे. आमचे चार यंत्रमाग आहेत. क्रिएटिनिन २.१ आले, पण त्यांना काहीच त्रास होत नाही. ‘मी ठणठणीत आहे, मला काही होत नाही,’ असे म्हणतात. कंबर दुखली की औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून घेतात. कुणीतरी किडनी साफ करणारी पुडी दिली आहे, तीही घेतात. मी पथ्याचे केले की ताट सरकवतात. डायलिसिसची भीती घातली, तरी उपयोग होत नाही.*

ताई, तुमच्या यजमानांचा आत्मविश्वास मोडून काढू नका. तो पुढे कामाला येणार आहे. त्याच्या जोडीला नेमकी माहिती नाही, एवढीच खरी उणीव आहे.

त्यांना बरे वाटते, हे खोटे नाही. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतील काही निकामी झाल्या की उरलेल्या गाळण्या जास्तीचे काम अंगावर घेतात आणि शरीराला बराच काळ पत्ता लागू देत नाहीत. हे त्यांना त्यांच्याच धंद्याच्या भाषेत सांगा. चारपैकी दोन माग बंद पडले आणि उरलेले दोन दुप्पट वेगाने चालवले, तर काही दिवस कापड तेवढेच निघेल. हिशेबाच्या वहीत काही दिसणार नाही. पण त्या दोन मागांचे काय होईल, हे मला विचारण्यापेक्षा त्यांनाच विचारा. ते माझ्यापेक्षा चांगले सांगतील. सत्तेचाळीसाव्या वर्षी पुरुषाचे क्रिएटिनिन २.१ असेल, तर ईजीएफआर ३८ च्या आसपास येतो. दोन माग बंद पडले आहेत, असे ढोबळमानाने म्हणता येईल, आणि उरलेले जपणे हाच सगळा उपचार आहे.

कंबरदुखीच्या गोळ्या आजच थांबायला हव्यात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड ही वेदनाशामके मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. निरोगी माणसाला एखाद्या गोळीने सहसा बाधा होत नाही. ज्याच्या गाळण्या आधीच कमी आहेत आणि जो रक्तदाबाचे औषध घेतो, त्याला मात्र ती महागात पडू शकते. यांतील बरीच औषधे पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत येतात, त्यामुळे पाकिटाच्या दर्शनी नावावरून काही कळत नाही; मागच्या बाजूचे घटक वाचावे लागतात. कंबरदुखीला डॉक्टरांच्या सल्ल्याने नुसते पॅरासिटामॉल, शेक आणि व्यायाम हे मार्ग आहेत. ‘गोळी घेऊ नका’ एवढेच सांगून दुखणाऱ्या माणसाला वाऱ्यावर सोडता येत नाही, म्हणून कंबरेचा इलाजही याच भेटीत मागून घ्या.

पुडीविषयी माझे मत स्पष्ट आहे. जिच्यावर घटकांची नावे नाहीत, बनवणाऱ्याचे नाव नाही, ती पुडी कोणत्याही वैद्यकपद्धतीची असली तरी घेऊ नये. काही भस्मांत व चूर्णांत शिसे आणि पारा सापडले आहेत, आणि हे दोन्ही धातू मूत्रपिंडाला घातक आहेत. वनस्पती म्हणजे निर्धोक, हीही समजूत बरोबर नाही. बेल्जियममध्ये वजन उतरवण्यासाठी चिनी वनौषधी घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे वेगाने निकामी होत असल्याचे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामागे ॲरिस्टोलोकिक आम्ल हे एका वनस्पतीतील द्रव्य होते.

आणि डायलिसिसची भीती घालणे थांबवा. भीतीने माणूस तपासणीपासूनच दूर पळतो. त्याऐवजी दंडाला पट्टा बांधायचे रक्तदाबाचे यंत्र घरी आणा, मोजायचे काम त्यांच्याकडेच द्या आणि आकडे मागांच्या हिशेबाच्या वहीतच त्यांना लिहू द्या. जो माणूस रोज मीटरवर कापड मोजतो, त्याला मोजणे परके नाही. ताट तुम्ही सांभाळता, औषधांची आठवण तुम्ही करता, काळजीही तुम्हीच करता. त्यामुळे त्यांच्या आजारात त्यांच्या वाट्याला करण्यासारखे काही उरलेलेच नाही. हे वाचताना वाईट वाटून घेऊ नका. घरोघरी हेच होते आणि ते मायेपोटीच होते.

पत्र तिसरे : एक वाचक, फोंडा, गोवा

*किडनीच्या आजारात करमळ, शहाळ्याचे पाणी आणि कमी सोडियमचे मीठ चालते का? प्रत्येक जण निराळे सांगतो.*

काही प्रश्नांना सरळ उत्तर असते, आणि हा तसा प्रश्न आहे.

करमळ अजिबात नको. तारेच्या आकाराची फोड पडणाऱ्या या फळात ऑक्झलेट भरपूर असते आणि मेंदूवर परिणाम करणारे एक विषारी द्रव्यही असते. निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकते. दुबळ्या मूत्रपिंडाला ते जमत नाही. न थांबणारी उचकी हे बहुधा पहिले लक्षण असते. त्यापुढे गोंधळलेपणा, आकडी आणि मृत्यूही ओढवल्याच्या नोंदी आहेत. फळ ताजे आहे का, एकच फोड खाल्ली तर चालेल का, असे हिशेब येथे करू नयेत. त्याच कुळातील बिंबलाचा रस मोठ्या प्रमाणात प्यायल्याने केरळमध्ये चांगल्या माणसांच्याही मूत्रपिंडांना इजा झाली आहे. मासळीच्या आमटीत आंबटपणासाठी बिंबल घालण्याची तुमच्याकडे पद्धत आहे. त्याऐवजी कोकम वापरावे.

शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम पुष्कळ असते, एका शहाळ्यात केळ्याइतके किंवा त्याहूनही अधिक. रक्तातील पोटॅशियम प्रमाणात असलेल्या सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णाला ते क्वचित घेता येईल. पोटॅशियम वाढलेले असेल किंवा आजार चौथ्या-पाचव्या टप्प्यात असेल, तर टाळावे.

कमी सोडियमच्या मिठाविषयी मुद्दाम लिहितो, कारण ते घेणारी माणसे सजग असतात आणि चांगल्या हेतूने घेतात. त्या मिठात सोडियम कमी केलेले असते, पण त्याच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. रक्तदाब असलेल्या इतर माणसांसाठी ते उपयुक्त ठरू शकते. मूत्रपिंडाच्या रुग्णाने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. साधेच मीठ वापरा, पण कमी.

पत्र चौथे : तरुण रुग्ण, सोलापूर

*मी ३४ वर्षांचा आहे. दीड वर्षापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. माझे ड्राय वेट (अंगातले जादा पाणी काढल्यावरचे वजन) ५५ किलो आहे. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन साडेतीन-चार किलोंनी वाढते. ‘पाणी कमी पी’ असे सगळे ओरडतात, पण तहान सहनच होत नाही. काही विचारले, तर ‘तुला काय करायचंय?’ असे उत्तर मिळते. आता मी विचारणे सोडून दिले आहे.*

तुमच्या पत्रातील शेवटचे वाक्य मला सर्वांत जास्त लागले, त्यामुळे आधी त्याविषयी लिहितो.

स्वीडनमधील यॉनशॉपिंग शहरात र्‍यूहोव रुग्णालय आहे. तेथे डायलिसिस घेणाऱ्या एका रुग्णाने २००५ मध्ये परिचारिकेला विचारले की, हे यंत्र मला स्वतःला चालवता येणार नाही का? तिने त्याला हसण्यावारी नेले नाही. तिने शिकवले आणि तो शिकला. मग त्याने शेजारच्या रुग्णाला शिकवले. पुढे त्या रुग्णालयात रुग्णांनी स्वतः यंत्र लावून डायलिसिस करण्यासाठी वेगळा विभागच उभा राहिला. बांडुरांची दुसरी वाट मी वर सांगितली आहे, आपल्यासारख्याच माणसाला करताना पाहण्याची. ती तेथे प्रत्यक्षात आली. तुम्ही यंत्र चालवावे, असे मी म्हणत नाही. आपल्याकडची गर्दी आणि मनुष्यबळ मला ठाऊक आहे. पण जिथे एका रुग्णाने विचारलेल्या प्रश्नातून एवढे घडले, तिथे प्रश्न विचारणे हा उद्धटपणा कसा ठरेल?

मात्र प्रश्न कसा आणि केव्हा विचारायचा, हे शिकावे लागते. सुया लावण्याच्या धांदलीत विचारू नका. यंत्र सुरू होऊन स्थिर झाले की विचारा. एका दिवशी एकच प्रश्न, तोही कागदावर लिहून. ‘आज माझे किती पाणी काढणार आहात?’ हा पहिला प्रश्न असू द्या, कारण त्याचे उत्तर एका आकड्यात देता येते. तो आकडा एका वहीत, त्या दिवशीच्या वजनाशेजारी लिहा. दोन-तीन आठवडे रुग्ण आपले वजन आणि आकडा स्वतःच सांगू लागला की समोरच्याचा सूर बदलतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. नाहीच बदलला, तर विभागप्रमुख डॉक्टरांना महिन्याच्या रक्ततपासणीच्या वेळी दहा मिनिटे मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

आता तहान. ‘पाणी कमी पी’ हा सल्ला अर्धा आहे. उरलेला अर्धा मिठात आहे. सलाईनच्या एक लिटर बाटलीत नऊ ग्रॅम मीठ असते आणि आपल्या रक्तातील खारटपणा साधारण तेवढाच असतो. शरीर हे प्रमाण बिघडू देत नाही. लघवी जवळजवळ होत नसेल, तर पोटात गेलेले मीठ पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगातच राहते, आणि नऊ ग्रॅम मीठ साठले की एक लिटर पाणी प्यायल्याशिवाय तहान शमत नाही. म्हणजे तुमची तहान हा मनाचा दुबळेपणा नाही. भाकरीबरोबरचा ठेचा, शेंगाचटणी, पापड, फरसाण यांनी दोन दिवसांत किती मीठ पोटात जाते, ते पाहा. तहानेशी झगडण्यापेक्षा मिठाशी झगडणे पुष्कळ सोपे असते, आणि हे कळल्यावर माणूस स्वतःला दोष देणे थांबवतो.

५५ किलो ड्राय वेटला दोन डायलिसिसमधील वाढ दोन-सव्वादोन किलोंच्या आत राहिली, तर हृदयावरचा ताण खूप कमी होतो. एकदम तेथे पोहोचण्याचा हट्ट धरू नका. आधी अर्धा किलो कमी करा. दिवसाचे पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवा. चहा, ताक आणि आमटी यांतले पाणी त्यातूनच वजा धरा. गोळ्या जेवणाबरोबरच्या पाण्यात उरका. तोंडाला कोरड पडली, तर बर्फाचा लहान तुकडा किंवा लिंबाची फोड चोखा.

हातावर फिस्च्युला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडून घेतलेली रक्तवाहिनी) असेल, तर त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नका आणि रक्त काढू देऊ नका. रोज सकाळी बोटे ठेवून तिची थरथर तपासा. थरथर लागली नाही, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. हे एक काम असे आहे की, जगातला कोणताही डॉक्टर ते रोज सकाळी तुमच्यासाठी करू शकत नाही.

पत्र पाचवे : सून, बीड जिल्हा

*माझ्या सासूबाई ६६ वर्षांच्या आहेत. मधुमेह वीस वर्षे आहे, आता किडनीवर परिणाम झाला आहे, ईजीएफआर ३३ आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. डॉक्टर सगळे माझ्या मिस्टरांशी बोलतात, सासूबाई बाकावर बसून असतात. घरचा स्वयंपाक अजून त्यांच्याच हातात आहे. त्यांना हे सगळे कसे समजावायचे?*

तुमच्या सासूबाईंना अक्षरओळख नाही. पण ज्या बाईने दुष्काळी मुलखात चाळीस-पन्नास वर्षे घर चालवले, तिला मोजमाप, काटकसर आणि टिकून राहणे यांविषयी मी काही शिकवू शकेन, असे मला वाटत नाही. त्यांना या आजारात अडाणी कुणी ठरवले असेल, तर ते बाकावर बसवण्याच्या आपल्या सवयीने. पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत त्यांना बसवा आणि मुलाने मागे उभे राहावे. औषधांची पिशवी त्यांच्याच हातात द्या. डॉक्टर मुलाशी बोलू लागले, तर मुलाने नम्रपणे म्हणावे, ‘आईलाच सांगा, घरी तीच करते.’

समजले का, असे त्यांना विचारू नका. ‘हो’ म्हणून त्या मोकळ्या होतील. ‘आक्का घरी आली आणि तिने विचारले, तर ही गोळी कशाची म्हणून सांगाल?’ असे विचारा आणि त्यांच्या शब्दांत सांगू द्या. सांगताना जिथे अडखळतील, तिथे आपण नीट समजावले नाही असे धरा आणि निराळ्या शब्दांत पुन्हा सांगा. परिचारिकांना हीच पद्धत शिकवली जाते. गोळ्यांच्या पाकिटांवर खुणा करा : सकाळच्या पाकिटावर सूर्य, रात्रीच्या पाकिटावर चंद्र. खुणा कोणत्या असाव्यात, हे त्यांनाच ठरवू द्या. स्वतः ठरवलेली खूण माणूस विसरत नाही.

रक्तातली साखर उतरून अंगाला घाम सुटला, हातपाय कापू लागले, तर साखर खायची, हे त्यांना बहुधा ठाऊक असेल. पण मूत्रपिंड दुबळे झाले की मधुमेहाची काही औषधे शरीरात जास्त वेळ टिकतात आणि साखर पूर्वीपेक्षा सहज उतरते, हे बहुतेक रुग्णांना कुणी सांगितलेले नसते. तुम्ही सांगा. आणि असे वरचेवर होऊ लागले, तर गोळ्यांचे किंवा इन्सुलिनचे प्रमाण डॉक्टरांकडून कमी करून घ्यायचे असते, हेही सांगा.

मिठासाठी मात्र त्यांना माझा एक हिशेब द्या, त्याला अक्षरे लागत नाहीत. माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक लहान चमचा, यापेक्षा कमी मीठ पोटात जावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि ते निरोगी माणसालाही लागू आहे. घरात चार माणसे असतील, तर दिवसाचे वीस ग्रॅम झाले. म्हणजे एक किलोची पिशवी पन्नास दिवस पुरली पाहिजे, आणि लोणचे, पापड व बाहेरचे खाणे यांतले मीठ वेगळे धरले, तर त्याहूनही अधिक. सासूबाईंसाठी निराळा स्वयंपाक करू नका. निराळ्या ताटाने माणूस आपल्याच घरात पाहुणा होतो. सगळ्या घराचे मीठ हळूहळू उतरवा. दर आठवड्याला थोडे कमी केले, तर महिन्या-दीड महिन्यात जिभेला त्याचे काही वाटेनासे होते. हा बदल कसा करायचा, किती चिमटी कमी टाकायची, लिंबू किंवा लसणाने चव कशी भरून काढायची, हे सगळे त्यांच्यावर सोपवा.

नवी पिशवी फोडाल त्या दिवशी चुलीमागच्या भिंतीवर त्यांना कोळशाने एक रेघ ओढायला सांगा, आणि मग रोज एक. पिशवी संपेल तेव्हा त्या रेघा त्यांनीच मोजाव्यात. किती झाल्या, ते मला अवश्य कळवा.